सांगाडा पाच-शून्यला उशीर का झाला

“एम-थ्री ही वापरायची वस्तू नाही, इंद्रजीत! चाखायची वस्तू आहे. चुलीवरच्या भातातलं एक शीत काढून दाबून बघतात ना, तेवढ्यापुरती. तू कच्च्या भाताचं अख्खं पातेलं उतरवून मामाच्या ताटात वाढलंस!”

“कच्चा कुठं होता? बारा मैदानं केली मामानं त्याच्यावर. बारा, ताई!”

“आणि तेराव्याला एका पोराचा खांदा निखळला.”

मी फोन कापला. मग मीच परत लावला. कापून करणार काय? पाच-शून्य बाहेर काढायला दोन सह्या लागतात, एक झरीनताईंची आणि ह्या खेपेला दुसरी माझी. त्यांनी उचलला आणि म्हणाल्या, “झालं आपटून?”

तर हे असं नऊ दिवस चाललंय. आणि तिकडं आमच्या चर्चेच्या पानावर दोनशेच्या वर लोकांनी विचारून ठेवलंय, पाच-शून्य कधी, पाच-शून्य कधी. कुणी नुसतं घड्याळाचं चित्र टाकतंय. एका दूध संघाच्या माणसानं तर लिहिलं की फुकट देता म्हणून माज करता का. अरे, फुकट घेतोस आणि वर ओरडतोस! म्हणून एकदाच सगळं लिहितो. हे वाचून झाल्यावर परत कुणी विचारायचं नाही.

ज्यांना सांगाडा काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी तेवढं सांगतो. पत्र्याचं शेड मारताना लोखंडी अँगल आधी उभे करतात. मग आत कुणी दुकान टाकतं, कुणी गोठा करतं, अँगल तेच. वेबसाइटचं पण तसंच. दार कुठं, माहिती आत कुठनं येणार, बाहेर कुठनं जाणार, हे प्रत्येकानं नव्यानं कशाला करायचं? झरीनताईंनी अठरा वर्षांपूर्वी सोलापुरात कॉलेजात असताना असे तयार अँगल केले आणि कोड सगळ्यांना उघडा ठेवला. घ्या, वापरा, मोडलं तर दुरुस्त करून परत द्या. आज त्या दिवसा पॉलिटेक्निकला शिकवतात आणि संध्याकाळी सांगाडा बघतात. त्यांच्यासारखे जगभरात तीसेक जण. सही करायचा हक्क पाच जणांना. त्यात सगळ्यात लहान मी, विट्याचा, सतरा वर्षांचा. नववी नापास म्हणू नका. नववी सोडलेला.

आता आवृत्त्या. चार-दोन ही पक्की आवृत्ती. पक्की म्हणजे आम्ही शब्द दिलाय, की हिच्यावर बांधलेलं उद्या सकाळी उठून हलणार नाही. पाच-शून्य ही पुढची पक्की. पण पक्की एकदम येत नाही. मधे मैलाचे दगड येतात, एम-वन, एम-टू, एम-थ्री. त्याचा अर्थ एवढाच, की रस्ता अजून खडीचा आहे, पण आम्ही इथवर आलोय, चालून बघा, खड्डा दिसला तर ओरडा. एम-थ्रीच्या पानावर सगळ्यात वर ठळक अक्षरात एक ओळ आहे, “खऱ्या कामाला लावू नये.”

ती ओळ मीच लिहिलेली आहे. हसा.

माझा मामा म्हणजे उत्तम डुबल. सांगली-साताऱ्यात कुस्तीच्या मैदानाला जो गेलाय त्याला आवाज माहीत आहे. तीस वर्षं निवेदन केलं. हलगी वाजायला लागली की मामा माईक घेणार, पैलवानाचं नाव, गाव, वस्ताद, वस्तादाचा वस्ताद, सगळं तोंडपाठ. खडाखडी, म्हणजे सुरुवातीची हातांची झटापट, सुरू झाली की त्याचा आवाज पण खाली बसायचा, आणि कुणी चितपट झाला की असा उठायचा की पलीकडच्या गावातली कुत्री भुंकायची. वर्षाकाठी साठ मैदानं. दारू नाही, काही नाही. फक्त तंबाखू.

तीन वर्षांपूर्वी मिरजेत त्याची स्वरपेटी काढली. गळ्याला भोक, श्वास तिथनं. आवाज बंद.

मग गळपट्टी आली. ही काय जादू नाही, नीट समजून घ्या. आपण मनातल्या मनात बोलतो ना, तेव्हा सुद्धा जिभेचे, जबड्याचे, गळ्याचे स्नायू बारीक थरथरतात. डोक्यातनं हुकूम सुटलेला असतो, फक्त वारा नसतो. स्वरपेटी काढली तरी हुकूम सुटायचे थांबत नाहीत. पट्टीत नऊ टिकल्या असतात, त्या गळ्याला चिकटतात आणि ती थरथर पकडतात. फोन त्यातनं शब्द ओळखतो आणि छातीवरच्या छोट्या स्पीकरमधनं बोलतो. मामाचं नशीब एवढं, की त्याच्या तीस वर्षांच्या मैदानांच्या फिती गावोगावी पडलेल्या. त्यावरनं त्याचाच जुना आवाज तयार करता आला. स्वस्तात व्हावं म्हणून पट्टीवाल्यांनी सगळं साध्या वेब पानावर बसवलं, कुठल्याही फोनवर चालेल असं. आणि ते पान सांगाड्यावर.

फक्त एक भानगड होती. चार-दोन थांबतं. माणूस शब्द नुसता मनात घोळवतोय का खरंच बोलतोय, हे सुरुवातीच्या थरथरीवरनं कळत नाही. खरंच बोलायचा असेल तर शब्दाच्या शेवटी जीभ एक बारीक टेकण देते, शिक्का मारल्यासारखी. चार-दोन त्या शिक्क्याची वाट बघतं आणि मगच बोलतं. सगळं मिळून पाऊण सेकंद.

घरात पाऊण सेकंद काय कळत नाही. मामी म्हणायची, “आधीपरास बरं झालं, इचार करून बोलत्यात.” पण मैदानात? परत उभं राहिल्यावर मामाच्या पहिल्याच मैदानाला मी होतो. पैलवानानं घिस्सा मारला, समोरचा आडवा झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, टाळ्या संपल्या, आणि मग स्पीकरमधनं मामाचा आवाज आला, “आणि हा घिस्सा!”

लोक हसले. पुढच्या कुस्तीला तर पोरं वाट बघून हसायला लागली. एक जण ओरडला, “मामा, ही कालची का आजची?”

मामानं माईक खाली ठेवला. कमिटीनं कऱ्हाडचा एक नवा निवेदक आणला. मामानं घरी येऊन पट्टी काढून खुंटीला अडकवली आणि पाटी-पेन्सिल घेतली. चार महिने पाटीवर लिहून बोलला. चहा. मीठ. नको. तीस वर्षं बोललेला माणूस!

मला असलं बघवत नाही. माझं डोकं फिरतं. मी झरीनताईंना सांगितलं की हा पाऊण सेकंद मी काढतो. त्या म्हणाल्या, काढून बघ, पाच-शून्यमधे घालू. तीन महिने लागले. माझ्या तुकड्याचं नाव मी ओघ ठेवलं. ओघ शिक्क्याची वाट बघत नाही. थरथरीचा पहिला दशांश मिळाला की त्या माणसाच्या सवयीवरनं अख्खा शब्द ओळखतं आणि बोलून मोकळं. चाळीस माणसांवर तपासलं. सगळ्यांना एकेक कागद दिला, वाचा म्हटलं. शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द बरोबर. सगळ्या चाचण्या हिरव्या. एम-थ्री निघालं, त्यात ओघ होतं, वर ती ठळक ओळ होती, आणि त्याच दुपारी मी खुंटीवरची पट्टी काढून मामाच्या फोनात एम-थ्री टाकलं.

मामानं पट्टी लावली आणि म्हणाला, “इंद्र्या, काय केलंस रं?”

लगेच! तोंड हललं आणि आवाज आला. मामी पिठाच्या हातानं बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. मामा पुढं तासभर गप्पच बसेना. बासष्टच्या कुस्त्या, त्याच्या जन्माच्या आधीच्या, त्या पण सांगून झाल्या.

बारा मैदानं झाली. कऱ्हाडवाल्याला कमिटीनं सोडून दिलं. आणि लोक म्हणायला लागले की डुबल आधीपेक्षा चांगला बोलतोय. अंगावर काटा येतो म्हणायचे. काटा का येतो ते कुणी बघितलं नाही. मी पण नाही, आणि मला म्हणे सगळं दिसतं.

घरात मात्र बारीकसारीक घडत होतं. मामीनं ताट वाढलं की स्पीकर म्हणायचा, “करपली.” मामा दोन्ही हात हलवायचा, नाही नाही, मी काही म्हटलं नाही. मामी म्हणायची, “मग कोण म्हणलं? पट्टी जेवती व्हय?” शेजारचे बापू तासभर बसले की छातीवरनं आवाज, “उठ की आता.” आम्ही पोट धरून हसलो. मी ते खड्ड्यांच्या यादीत सुद्धा टाकलं नाही. हसण्यासारखं होतं, त्यात काय टाकायचं?

मग एका संध्याकाळी मी फुशारकी मारत होतो. आमच्या हेडमास्तरांनी मी गैरहजर म्हणून माझं नाव कापलं, असं मला घरात सांगितलेलं. मामाचं ऑपरेशन झालं त्या वर्षी. त्याला मिरजेला तेहतीस दिवस कॅन्सरचा लाईट, म्हणजे किरणं, द्यायला मीच घेऊन जायचो. दवाखान्याच्या बाकावर बसून तिथल्या नंबर लावायच्या पानात चूक सापडली, ते पान सांगाड्यावर होतं, ती चूक दुरुस्त करून पाठवली, तिथनं माझं सगळं सुरू झालं. तर त्या संध्याकाळी मी म्हणत होतो, “ज्या म्हाताऱ्यानं माझं नाव कापलं, त्याच्या शाळेचं पान आज माझ्या कोडवर चालतंय. बसा म्हणावं आता!”

मामा हसत होता. आणि छातीवरनं आवाज आला, “दाखला मी काढला.”

मामी म्हणाली, “अवो!”

मामानं तोंडावर हात दाबला. तोंडावर दाबून काय होतंय? आवाज छातीतनं येतोय. “सर नको म्हणत हुते. परीक्षेपुरता बसवतो म्हणले. मीच सही केली.”

तीन वर्षं मी त्या हेडमास्तरांच्या स्कूटरची हवा सोडत होतो. तीन वर्षं! दोनदा तर सीट फाडली. समोर दिसले की थुंकायचो.

“मला विचारायचं नाही?” मी ओरडलो. “मी आलोच असतो की मिरजेला. शाळा बुडवून आलो असतो. पण विचारायचं तरी!”

“इचारलं असतं तर तू हो म्हणला असतास,” मामा म्हणाला. “मग जलमभर तुला वाटलं असतं, मी सोडली. त्यापरास सरांनी कापलं ते बरं.”

हे तो स्वतः म्हणाला का पट्टीनं ओढून काढलं, मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्याला पण कळलं नसणार. मी ताट सरकवलं आणि उठलो. चार दिवस त्याच्याशी बोललो नाही. झरीनताईंना पण काही कळवलं नाही. एक ओळ टाकायला पाहिजे होती यादीत, की न बोललेलं बाहेर येतंय. पण मी रागात होतो, आणि मला ओघ पाच-शून्यमधे बघायचं होतं. दोन्ही खरं आहे.

पाचव्या दिवशी बोरखडीचं मैदान. स्पीकर, बॅटरी, जोडण्या माझ्याकडं असतात म्हणून गेलो, बोलायचं नाही ठरवून. शेवटची मोठी कुस्ती आटपाडीकडचा मासाळ आणि वाळव्याचा जगदाळे. वीस मिनिटं झाली तरी कुणी चितपट होईना. वर कॅमेऱ्याचे ड्रोन, चारी बाजूला मोठे कर्णे, सगळीकडनं मामा. मी मामापासनं हातभर लांब होतो आणि माझी नजर त्याच्या गळ्यावर होती, कारण त्याच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं.

म्हणून मला दिसलं. मासाळचा उजवा खांदा तसूभर खाली आला, ते मी नंतर फितीत बघितलं. तसूभर! माझ्यासारख्याला काही कळणार नाही. पण तीस वर्षं खांदे बघितलेल्या माणसाचा गळा थरथरला. आणि चारी कर्णे ओरडले, “ढाक!”

मासाळनं ढाक, म्हणजे समोरच्याला कमरेवरनं फेकायचा डाव, अजून लावलीच नव्हती. लावायला निघाला होता. जगदाळेनं ऐकलं, ऐकल्या ऐकल्या बसकण मारली, आणि मासाळ स्वतःच्याच जोरात त्याच्यावरनं फिरून खांद्यावर पडला. तो आवाज मला इथं लिहायचा नाही.

बारा मैदानं अंगावर काटा येत होता तो ह्याच्यामुळं. मामा डाव सांगत नव्हता. डाव व्हायच्या आधी सांगत होता. आधीच्या बारा मैदानांत पण अर्धा पाव सेकंद आधीच आलं असणार. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोपर्यंत कुणी एवढ्या बारकाईनं कानावर खेळलं नव्हतं.

मासाळचे वस्ताद तातोबा, सत्तरीचे. ते सरळ माईकपाशी आले. ओरडले नाहीत.

“डुबल, किती वरसं बोलतोस मैदानात?”

“तीस.”

“कवा कुणाची बाजू घेतली न्हाईस. आज माझ्या पोराचा डाव फोडलास. कुणासाठी?”

माईक चालू होता. समोर पाच हजार माणूस. मामाचा गळा थरथरला आणि कर्ण्यातनं आलं, “न्हाई वस्ताद, इंद्—”

आणि मामानं पट्टी ओढून काढली. टिकल्यांसकट. गळ्याची साल निघाली.

माझं नाव होतं ते. पूर्ण आलं असतं तर तो सुटला असता. ‘मशीन माझ्या भाच्याचं, चूक त्याची,’ एवढंच तर त्याला म्हणायचं होतं. ते एक नाव बाहेर पडू नये म्हणून त्यानं पाच हजार माणसांसमोर आवाज उपटून टाकला आणि मुका उभा राहिला. लोकांना वाटलं, बोलायला तोंड नाही म्हणून गप्प आहे. मागनं कुणी तरी ओरडलं, “इकला गेला!” तातोबांनी पागोट्याला हात लावला आणि वळून गेले.

आणि मी? मी बॅटरीच्या पेटीजवळ उभा होतो. माझा गळा धडधाकट आहे. मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कुस्तीची फीत झरीनताईंपर्यंत पोचली. वर सुरुवातीला लिहिलेलं भांडण ते. परत फोन लावल्यावर त्यांनी एकच विचारलं, “त्या चाळीस जणांना तू कागद वाचायला दिलास ना?”

“हो. मग?”

“कागद वाचणारा माणूस काय लपवतो रे?”

डोक्यात दगड घातल्यासारखं झालं. वाचणाऱ्याला गिळण्यासारखं काही नसतंच. जे कागदावर तेच तोंडात. आमच्या चाचण्या हिरव्या होत्या, कारण आम्ही बोलणारा माणूस तपासलाच नव्हता. आम्ही सगळे कोडवाले असेच. समोर कागद असेल तेवढंच जग.

“ओघ काढायचं पाच-शून्यमधनं,” त्या म्हणाल्या.

“नाही काढायचं! थांबायचा वेळ कमी करतो. पाव सेकंद ठेवू.”

“कर. जमलं तर मी सही करते.”

नऊ दिवस केलं. पाव सेकंद ठेवला, शब्द गळतोय. अर्धा ठेवला, कमी गळतो पण गळतोच. सहा दशांश, तरी वीसात एक. शिक्का शेवटीच पडतो, त्याच्या आधी बोलणं आणि गिळणं दोन्ही सारखंच दिसतं. हे माझ्या कोडमधे नाही, माणसाच्या गळ्यात आहे, आणि माणसाच्या गळ्याची पुढची आवृत्ती कोण काढणार? मी कीबोर्ड आपटला, एक बटण अजून सापडलेलं नाही.

अडचण तुम्हाला कळली असेल. पट्टीवाल्यांचा नियम आहे, की पक्की आवृत्ती आली की मैलाचे दगड बंद. पाच-शून्यवर दोन सह्या झाल्या की त्या मिनिटाला मामाच्या फोनातलं एम-थ्री झोपणार. ओघ पाच-शून्यमधे नसेल तर मामा परत पाऊण सेकंद मागं, म्हणजे मैदान संपलं. असेल तर पट्टी लावणारी आठ हजार माणसं गिळलेलं सगळं ओकत फिरणार. आणि ओघ का काढलं हे आम्ही पानावर जाहीर लिहिलं तरच मामा विकला गेला नव्हता हे कळणार. ओघ राहिलं तर आवाज राहतो आणि नाव जातं. गेलं तर उलटं.

काल झरीनताई हळू आवाजात म्हणाल्या, “इंद्रा, आवृत्तीला आकडा देतो म्हणजे आपण शब्द देतो. त्या आठ हजार लोकांना मी हा शब्द देऊ शकत नाही. पण कोड उघडा आहे. तुझ्या मामाच्या एका फोनवर तू वेगळं काही बांधून ठेवलंस, तर मी विचारायला येणार नाही.”

मी रात्रीची वाट पण बघितली नाही, लगेच खाली पळालो. मामा पाटी घेऊन बसलेला. बोरखडीपासनं पट्टी खुंटीला. मी सगळं सांगितलं. एकट्यासाठी ओघ ठेवतो, पट्टीवाल्यांना कळणार नाही, फक्त जपून बोल.

त्यानं पाटीवर लिहिलं, “जपून बोलता येत न्हाई त्यात. तीच तर बोंब आहे.”

“मग मैदान?”

त्यानं पुसलं, परत लिहिलं. मामाचं अक्षर मोठं, पाटी लगेच भरते. “उशिरा बोललं तर लोक हसत्यात. हसू देत. हसल्यानं खांदा निखळत न्हाई.”

“अरे पण तुला कुणी बोलवणारच नाही!” मी ओरडलो. “कळतंय का तुला? कऱ्हाडवाला परत येईल. तू घरात बसून मीठ, चहा, नको करणार!”

पुसलं. मग लिहिलं, “मी बोलतो ते मी बोललेलं पायजे.”

मामी आतनं म्हणाली, “त्याला सांगा, उद्या तातोबांकडं जायचंय दोघांनी.”

“दोघांनी?”

मामानं पाटी माझ्याकडं फिरवली. मागच्या बाजूला आधीच लिहून ठेवलं होतं, “तू बोलणार. सगळं. मासाळच्या समोर.”

मला माफी मागता येत नाही. हेडमास्तरांची पण राहिलीय, ती यादीत घातलीय. मी म्हटलं, मी लिहून देतो, तू दाखव. मामानं नुसतं बघितलं. पट्टी नव्हती गळ्यात, तरी काय म्हणतोय ते ऐकू आलं.

तर झालं ते असं. मघाशी मी पाच-शून्यमधनं ओघ काढलं. चारशे बारा ओळी, तीन महिने, एका बटणात. पानावर सगळ्यात वर कारण लिहिलंय, बोरखडीच्या मैदानात निवेदक उत्तम डुबल यांनी डाव फोडला नाही, मशीननं फोडला, ते मशीन इंद्रजीतनं केलं आणि न सांगता लावलं. तपासायच्या यादीत नवीन ओळ आहे, की कागद देऊ नका, दोन माणसं समोरासमोर बसवा आणि भांडू द्या. झरीनताईंची सही लगेच आली. खाली माझी केली. पाच-शून्य आलंय. घ्या. दूध संघानं पण घ्या.

एम-थ्री झोपलं. तुमच्या सगळ्यांच्या आधी पाच-शून्य मामाच्या फोनात टाकून आलोय. त्यानं पट्टी खुंटीवरनं काढली, गळ्याची साल अजून ओली आहे म्हणून टिकल्या जरा बाजूला लावल्या, आणि काहीच न बोलता खाली गाडी काढायला गेला.

मासाळला नक्की काय म्हणायचं ते लिहून घेणार होतो इथं. आधी म्हणायचं, माझं नाव—

खालनं हाक आली. “इंद्र्या.”

पाच-शून्य आहे आता. म्हणजे ही हाक त्यानं पाऊण सेकंद आधीच मारलीय, शिक्का मारून. जायला पाहिजे मला.